अर्धवट राहणारा पीस

गौतमदादा प्रेक्षकांकडे पाठ करून गिटार वाजवत. नांदेडात जयंतीच्या कार्यक्रमाला मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे त्यांची पाठच पाहिली. कारण विचारलं तर म्हणाले, "लोकाईकडं पाहिलं की बोटं लाजतेत."

दिवसा ते आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवत आणि संध्याकाळी त्याच पोरांना गिटार. रॉक त्यांनी कॅसेटी ऐकून उचललं होतं आणि उत्तमभाऊंच्या गायन पार्टीत आणून सोडलं होतं. भीमगीताची दोन कडवी झाली की त्यांची इलेक्ट्रिक गिटार अशी काही करवादायची, की पुढच्या खुर्च्यांवरचे प्रमुख पाहुणेही जागे होत. अशा कार्यक्रमांत पाहुणे भरपूर असतात. शाली, नारळ, मनोगतं यांत वेळ जातो आणि गाण्यांच्या वाट्याला उरलासुरला येतो.

त्यामुळे दादांनी स्वतः बसवलेला गिटारचा एक पीस कधी पूर्ण व्हायचा नाही. सूर चढत चढत एका ठिकाणी थांबे, तिथून वळून खाली येणार, तेवढ्यात उत्तमभाऊ पुढचं कडवं उचलत.

"उत्तम्या, लई घाई करून राहिलास. संपू तर दे."

"दादा, लोकं शब्द ऐकायला आलेत. तुमची तार नंतर."

"ते बी खरं हाय," म्हणून दादा आवाज कमी करत. पण एकदा भोकरच्या स्टेजवरून उतरताना मला म्हणाले, "एकडाव पुरा वाजवायचाय, बस." पोरांनाही त्यांनी तो पीस तिथपर्यंतच शिकवला होता. राहिलेला स्टेजवरच ऐका, म्हणायचे. पार्टीचं सामान आणि पोरं टेम्पोत असत. उत्तमभाऊंच्या जुन्या जीपमध्ये हे दोघंच, भांडत, दादांच्या मांडीवर गिटार.

माझी बदली लातूरला झाली. तिथे एका हळदीत कीबोर्डवर तोच पीस ऐकला, तिथेच तुटणारा. वाजवणारा रेणापूरचा. कुणाचा पीस, विचारलं. म्हणाला, "कुणाचा न्हाई, सर. हे पहिल्यापासून असंच असतंय."

मी रागानेच दादांना फोन केला. ते खूश झाले. "म्हंजे चाललं की. माझं नाव बांधलं असतं तर एवढं फिरलं असतं का?"

यंदा दादा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, मग श्रद्धांजलीची भाषणं. एका वक्त्याने त्यांना थोर बासरीवादक म्हटलं. दुरुस्त कुणी केलं नाही. दादांनीही केलं नसतं. मग त्यांचे विद्यार्थी उभे राहिले आणि त्यांनी तो पीस सुरू केला. सगळे पाठमोरे. शिकवण्यात तेही आलं असावं.

सूर चढत त्या ठिकाणी आला. पोरांनी सवयीने उत्तमभाऊंकडे वळून पाहिलं. उत्तमभाऊ माईक धरून उभे. त्यांनी कडवं उचललंच नाही. पोरांना पुढचं येत नव्हतं. गिटारी थांबल्या.

"वाजवा की रे," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याईला न्हाई येत," उत्तमभाऊ म्हणाले. "मला येतंय. जीपमंदी रोज ऐकलंय."

आणि आयुष्यभर शब्दांची घाई केलेला तो माणूस, एकही शब्द न घेता, नुसत्या गळ्याने दादांचा पीस तिथून वळवून सावकाश खाली घेऊन आला.