नेट बंद, तरी बाण चालला!

देवाला हात जोडते, पण भूतबित म्हणाल तर मी त्यातली नाही! काशीदला सासर, घरामागे नारळ-सुपारीची वाडी. वाडीत एकटीने फिरताना मला फक्त विंचवाची भीती वाटते. तरीही गेल्या मे महिन्यात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही...

आम्ही घरातल्या चार खोल्या पर्यटकांना देतो. बुकिंगचा कॉम्प्युटर पडवीत असतो. येणाऱ्या प्रत्येकाच्या आधारकार्डाचा फोटो त्यात ठेवावा लागतो. लोक विश्वासाने देतात हो!

त्या दिवशी सकाळी मी जेवणाचा मेनू टाइप करत होते. माऊसवरून हात काढला आणि पदराला पुसला, तर स्क्रीनवरचा बाण आपला आपण चालायला लागला. सरळ गेला आणि आधारकार्डांचा फोल्डर उघडला. मी अशी किंचाळले की आमचे हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले.

सासूबाई मात्र शांत. "अगो, यंदा राखणदाराचा नारळ राहिलाय."

राखणदार म्हणजे वाडीची राखण करणारा. त्याचा मान दरवर्षी वाडीत देतात, पण सासूबाईंनी नारळ पडवीतच आणला. "खोडी इथे झालीय, तर गाऱ्हाणंही इथेच," म्हणाल्या.

"आई, कॉम्प्युटरसमोर नारळ?" हे ओरडले. पण ऐकतंय कोण! "बा राखणदारा, पाहुण्यांच्या चीजवस्तूला धक्का लागू देऊ नकोस," असं म्हणत त्यांनी कोयत्याच्या पाठीने नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट बाजूच्या मोडेममध्ये. त्याचे दिवे विझले, नेट गेलं... आणि बाण जागच्या जागी थांबला.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला!

माझी भाची तन्वी अलिबागला असते, कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम करते. फोन केल्यावर दुपारी स्कूटरवरून आली आणि सगळं ऐकून पोट धरून हसली. मग कॉम्प्युटर नीट तपासून बघितला.

"मावशी, हे भूत नाही गं, बॅकडोअर मालवेअर आहे. पुढच्या दाराला कुलूप, पण कुणीतरी आतून मागचं दार उघडून दिलंय. चोर कुठेतरी लांब बसून तुझा कॉम्प्युटर चालवत होता. कार्डांचा गठ्ठा बांधून पाठवायला सुरुवातही केली होती, नेट गेलं म्हणून तो अर्धवट राहिला. पण याआधी काय गेलं असेल, ते सांगता येत नाही."

एवढ्या लोकांना काय तोंड दाखवू?

"आत कशातून शिरला, ते शोधायला हवं," तन्वी म्हणाली. "काका, काही फुकटचं डाउनलोड केलंत?" हे छताकडे बघत म्हणाले, "छे!"

कॉम्प्युटर चालू होता, पण नेटची वायर काढलेली, मोडेम मेलेला. तन्वीच्या हातात चहाचा कप, माऊसला कुणाचाही हात नाही. आणि बाण हलला!

सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखा. गेला तो मेनूकार्ड बनवायच्या प्रोग्रॅमवर जाऊन थांबला.

"ते... ते मीच टाकलंय," ह्यांनी कबूल केलं. "फुकट मिळत होतं. अँटीव्हायरस बंद करा असं लिहिलं होतं, म्हणून केला."

तन्वीने तपासलं. मालवेअर त्यातूनच आलं होतं.

"पण नेट नसताना बाहेरून कुणी हलवणार कसं?" ती स्वतःशीच बडबडत होती. "आणि चोर स्वतःकडेच बोट कशाला दाखवेल?" तिने माऊस झटकला, टेबल हलवून पाहिलं, दुसरा माऊस लावला. बाण पुन्हा हलला नाही.

तिने कॉम्प्युटरमधलं मालवेअर पुसून साफ केलं. मी मात्र प्रत्येक पाहुण्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. काहींनी बरंच सुनावलं. माणगावच्या एक शिक्षिकाबाई म्हणाल्या, "इतक्या ठिकाणी कार्ड दिलंय, पण असं सांगायला फोन आजवर फक्त तुमचाच आला. दिवाळीला खोली ठेवा." फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं.

बाण कुणी हलवला, ते तन्वीला अजून सांगता येत नाही आणि मलाही नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त आमच्या ह्यांना विचारू नका... त्यांचं म्हणणं, बाणाने जरा दम धरला असता, तर ते स्वतःच सांगणार होते!