मोकळा ठेवलेला कोपरा

परतवाड्याच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. तेवढं भान नव्हतं. ऐंशी सालाच्या आगेमागे काकांची जुनी मोटार घेऊन आम्ही अमरावतीला निघालो होतो, आणि लेकराला मांडीवर घेऊन पुढं बसलेल्या बायकोनं डॅशबोर्डच्या फटीत सापाचं शेपूट शिरताना पाहिलं. गाडी तिथंच थांबवून मी मिस्त्रीला बोलावून आणलं.

वऱ्हाडातल्या उन्हानं डॅशबोर्डवरची प्लास्टिकची पट्टी पापडासारखी झाली होती. तुटली तर दुसरी मिळणार नव्हती. मिस्त्रीनं गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर ठेवलं आणि ती नरम होईपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. मग बांबूची कामटी घालून हळूहळू उचकटू लागला. प्लास्टिक जरा करकरलं की त्याचा हात मागे यायचा.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"वाटते ना. भेव नसतं त कवाच तोडून टाकली असती हे पट्टी."

आत फक्त कात निघाली, ओलसर, ताजी. बॅटरी मारून त्यानं सगळीकडे पाहिलं आणि पट्टी परत दाबून बसवली. एक कोपरा मात्र उचललेलाच ठेवला.

"तेवढा का सोडला?"

"जनावर गेलं असंन," तो म्हणाला. सापाचं नाव तो घेत नव्हता. "नसंन गेलं, त त्याले निंघाले रस्ता पायजे."

बायको लेकराला घेऊन मागे बसली. मी स्टिअरिंगवर बसलो, तर मोकळा कोपरा माझ्या गुडघ्याशी. मिस्त्रीनं माझं दार लावलं, ते इतकं हलकेच, जणू आत कुणी झोपलं होतं.