आमच्या वतीने बोलणारे सेक्रेटरी

सेक्रेटरींच्या कोटाच्या खिशात कायम एक लिंबू असे. म्हैसूरकडे मोठ्या माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत, निदान लिंबू तरी देतात. तुम्ही मुलं तिकडे लांब वाढलात, तुम्ही हे पाहिलेलं नाही. जीपमधून उतरणारा नगरपालिकेचा इंजिनियर असो की बाजारात वांगी निवडणारा तहसीलदार, आधी लिंबू पुढे होई आणि त्यामागून सेक्रेटरी. "पैसे दिले की साहेब घाबरतो, हार दिला की फोटोवाल्याला शोधतो. लिंबू दिलं की घेतो आणि उभा राहतो," ते म्हणत. "आपल्याला तो उभाच तर हवा असतो!"

त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. बायकोसुद्धा आतून ओरडायची, "सेक्रेटरी, कॉफी निवतेय!" म्हैसूरच्या अग्रहार पेठेत त्यांचं चंदनाच्या वस्तूंचं आणि अगरबत्त्यांचं लहानसं दुकान होतं. त्याच रस्त्यावर तुमच्या आजोबांचं लॉज होतं, खाली खानावळ आणि वर खोल्या. राजवाडा बघायला येणाऱ्या सहलींच्या बसगाड्या जवळच्या मैदानात थांबत. तिथून माणसं पायी आमच्या रस्त्यावर येत. कुणी जेवी, कुणी राही, कुणी चंदनाचा हत्ती विकत घेई. लॉजवाले, दुकानदार, टांगेवाले, सगळ्यांची चूल त्या मैदानावर पेटत होती. या सगळ्यांचा मिळून एक संघ होता आणि सेक्रेटरी त्याचं तोंड होते.

तोंड म्हणते ते उगाच नाही. संघाची एक पद्धत त्यांनी पक्की बसवली होती. साहेबापुढे बोलायचं ते एकट्या सेक्रेटरींनी. बाकीच्यांनी मागे हात बांधून उभं राहायचं. बोलून झालं की ते मागे वळून कानडीत विचारत, "हौदल्वा?" म्हणजे, खरं की नाही? की सगळ्यांनी एका आवाजात "हौदु, सार!" म्हणायचं. संघाच्या बैठकीत ते याची तालीम घेत. एकदा टांगेवाल्या रामण्णाने स्वतःची तक्रार मध्येच घुसडली, तर बाहेर आल्यावर त्याला म्हणाले, "रामण्णा, तुझा घोडा बरा. लगाम ओढल्यावर थांबतो तरी."

पद्धत चालत होती, हे मान्य करायला हवं. एका वर्षी दसऱ्याच्या दिवसांतही दुकानं संध्याकाळी लवकर बंद करण्याचा हुकूम निघाला. सेक्रेटरींनी लिंबू दिलं, भाषण केलं, मागून "हौदु" गरजलं आणि हुकूम मागे घेतला गेला. त्या रात्री रस्त्यावर पेढे वाटले.

अर्जांचं इंग्रजी माझं, तुमच्या आजीचं. मी कॉलेजात शिकलेली, म्हणून सेक्रेटरी आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि मला अक्का म्हणत. माझा भाऊ लांब होता, तेव्हा दर भाऊबीजेला मी त्यांनाच ओवाळत असे. माझं लिखाण ते दोनदा वाचून घेत. "अक्का, हे रागाचं इंग्रजी झालं. साहेबाला वाचताना कॉफी गोड लागली पाहिजे." मग मी वाक्य मऊ करून देई. भांडण्यातला असा धीर मी त्यांच्याकडूनच शिकले.

मग सरकारात ठरलं की सहलींच्या बसगाड्या गावात आणायच्याच नाहीत, गावाबाहेर नवा स्टँड बांधायचा. बसगाड्या गेल्या तर आमचं लॉज गेलं, इतकं ते सरळ होतं. विरोधाचा अर्ज मी लिहिला. सेक्रेटरींनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता.

सुनावणीला अर्ज लिहिणारी म्हणून मलाही नेलं आणि मागच्या बाकावर बसवलं. अधिकारी परप्रांतातले होते, त्यांना कानडी येत नव्हतं. त्यामुळे सेक्रेटरी इंग्रजीत बोलू लागले. लिंबू दिलं. अग्रहाराचं कौतुक झालं. मग त्याच गोड आवाजात ते म्हणाले की नव्या स्टँडला संघाची हरकत नाही, फक्त तिथलं कोपऱ्यावरचं दुकान संघाच्या प्रतिनिधीला मिळावं. आणि सवयीने मागे वळले. "हौदल्वा?"

"हौदु, सार!" सगळे म्हणाले. रामण्णा म्हणाला. तुमचे आजोबा म्हणाले, आणि तेही सगळ्यांत मोठ्याने. त्यांच्यातल्या एकालाही इंग्रजी येत नव्हतं.

मी उभी राहिले. "नो सर, आम्ही मान्य केलेलं नाही," असं इंग्रजीत म्हणाले. अधिकाऱ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी हसले. "आमच्या अक्का. फार हळव्या आहेत," ते त्यांना इंग्रजीत म्हणाले आणि मला आपल्या कानडीमिश्रित मराठीत, "सुम्ने, गप्प बसा अक्का, काम होत आलंय." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर सगळे खुशीत होते. आजोबा मला म्हणाले, "तू मध्येच का उठलीस ग? किती छान चाललं होतं!" सेक्रेटरी आत काय बोलले हे मला त्यांना भर रस्त्यात सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तुझी ऐकण्यात चूक झाली असेल. सेक्रेटरी असं करणार नाहीत." स्टँडची पाटी लागेपर्यंत ते हेच म्हणत होते. आम्ही पुन्हा अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की तुमच्या संघाने सर्वांसमक्ष संमती दिलेली आहे. ते खोटंही नव्हतं.

लॉज बंद झालं. आजोबा एका वसतिगृहात व्यवस्थापक म्हणून लागले आणि आम्ही सरस्वतीपुरमला भाड्याच्या घरात आलो. त्या वर्षी भाऊबीजेला सेक्रेटरी आले. काही घडलंच नसल्यासारखे पाटावर बसले.

मी ताम्हन हातात घेऊनच विचारलं, "का?"

"अक्का, साहेबाचं आधीच ठरलं होतं. सगळ्यांना वाचवणं जमणार नव्हतं. म्हटलं, संघाचं एक दुकान तरी राहू दे."

"संघाचं?"

मी निरांजन लावलेलं होतं, ते देवापुढे नेऊन ठेवलं. ते कोऱ्या कपाळाने पाटावरून उठले, माझ्या नव्हे, आजोबांच्या खांद्याला हात लावला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. कोपऱ्यावरचं दुकान उत्तम चाललं, असं ऐकत होतो.

बऱ्याच वर्षांनी ते सरगूरला मुलाकडे वारल्याचं रामण्णा सांगून गेला. आजोबा न्हाणीघरात गेले आणि जवळचं माणूस गेल्यावर घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आल्यावर केस पुसत मला म्हणाले, "तुझ्यासाठी बादली भरून ठेवलीय."

ते पाणी मी संध्याकाळी झाडांना घातलं.