रुमण्याच्या मापाचं हँडल

त्या काळात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मला न विचारता मरायची. करंगळी आणि तिच्या शेजारची. हिंजवडीच्या ऑफिसातून गाडी काढली की माण गावची वेस येईपर्यंत ती कशीबशी तग धरायची. मग मुंग्या, मग बधिरपणा, मग काहीच नाही. एकदा खोलीवर पोचल्यावर मी ती दोन्ही बोटं चहात बुडवून बघितली. चहा उकळता होता, असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. कोमट होता. पण बोटांना तेवढंही कळलं नाही, हे मात्र खरं.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. माझ्या वडिलांचा उजवा हात लकव्यानं गेला तेव्हा ते काही म्हातारे नव्हते. सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा खाली पडला आणि तो हात परत कधी वर आलाच नाही. त्याआधी महिनाभर त्यांना मुंग्या यायच्या, असं आई सांगायची. आई हे सांगायची तेव्हा मी लहान होतो, आणि ऐकता ऐकता स्वतःची बोटं मोजायचो.

तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. ऑफिसात दर गुरुवारी डॉक्टर यायचे, म्हणून गुरुवारी मी जेवायला बाहेर जायचो. की-बोर्डवर चुका व्हायला लागल्या तर की-बोर्डच बदलून मागितला. एकदा नाही, तीनदा. सिस्टीमवाल्या पोराला वाटलं, मी की-बोर्ड चोरून घरी जालन्याला पाठवतोय.

मग एका सहकाऱ्यानं सहज म्हटलं की माझ्या गाडीचं हँडल फार खाली आहे, दीडशे सीसीची रेसिंगछाप गाडी, त्यामुळं सगळा भार मनगटांवर येतो. हे ऐकल्यावर मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मला डॉक्टर नको होता, मला गुन्हेगार हवा होता. दोष हँडलचा असेल तर तो वडिलांच्या रक्तातला नाही. त्याच शनिवारी मी नाना पेठेत गेलो.

नाना पेठेत गाडीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो. दुकानदारानं माझ्यापुढं तीन हँडलं ठेवली. एक म्हशीच्या शिंगांसारखं रुंद, एकसंध नळीचं. त्यावर बसलेला माणूस गाडी चालवत नाही, म्हशीला पाण्यावर नेतोय असं दिसतं. दुसरं जरा उंच, पण जे आहे ते आहे, पुढंमागं काही नाही. तिसरं दोन तुकड्यांत होतं. डावा दांडा वेगळा, उजवा वेगळा. प्रत्येकाच्या सांध्याला गोल दातेरी चकती. बोल्ट सैल करायचा, दांडा हवा तितके दात वर घ्यायचा, आत वळवायचा, बाहेर काढायचा, आणि परत आवळायचा. मी एक एक दात सरकवून बघितला. कट्, कट्. असं वाटलं की माणसाच्या दुखण्यालाही असे दात असते तर किती बरं झालं असतं.

दुकानदार म्हणाला, बसवायला मेकॅनिककडंच न्या. मी म्हटलं, मी इंजिनियर आहे. हे त्याला मी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात माणूस खोटं बोलत असतो. मी कॉम्प्युटरचा इंजिनियर. पाना मी त्याआधी हातात धरला होता तो सायकलचं चाक काढायला, तेही चाक पुढचं की मागचं ते आठवत नाही.

माझे घरमालक म्हणजे माणचे जुने शेतकरी. त्यांची जमीन आयटी पार्कच्या टप्प्यात गेली होती. आलेल्या पैशातून त्यांनी चाळीस खोल्यांची रांग उभी केली (मोजल्या तर अठरा होत्या) आणि उरलेल्यात रिहे गावात भाताचं खाचर घेतलं. आम्ही भाडेकरू त्यांना काका म्हणायचो. ते आम्हा सगळ्यांना साहेब म्हणायचे, आणि त्यात इतका तिखटपणा घालायचे की त्यापेक्षा शिवी बरी. अंगणात मी गाडी मेन स्टँडवर लावून बोल्ट शोधत होतो, तेव्हा ते येऊन दगडावर बसले.

"काय ओ साहेब, गाडीला शिंगं बशिवताय व्हय?"

हात अवघडतो म्हणून जरा उंच हँडल लावतोय, असं मी सांगितलं. बधिर हा शब्द गिळला. काकांना मात्र त्या अवघडण्यात रस वाटला. चाळीस वर्षं नांगर धरलेला माणूस तो. त्यांच्या मते हँडल म्हणजे रुमणंच की. नांगराचं रुमणं, म्हणजे मुठीत धरायचा दांडा, जसं धरणाऱ्याच्या मापाचं लागतं, परक्याच्या मापाच्या रुमण्यानं खांदा आणि मनगट दोन्ही जातात, तसंच हे. आणि रुमण्याचं माप काढायची रीत ठरलेली. ताठ उभं राहायचं, कोपर बरगडीला टेकवायचं, मुठी पुढं करायच्या. मूठ जिथं येईल तिथं रुमणं.

मग आम्ही तेच केलं. मी गाडीच्या बाजूला ताठ उभा, कोपर बरगडीला, मुठी पुढं, आणि काका माझ्या मुठीपासून खाली सुतळी सोडून माप घेतायत. नांगरणारा उभा असतो आणि गाडी चालवणारा बसलेला असतो, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते रुमण्याचे जाणकार, मी इंजिनियर. दातेरी चकती आम्ही शेवटच्या दातापर्यंत वर नेली. रेसची आणि क्लचची तार ताणून बसवली, ती बसली. इंजिन चालू केलं, छान चाललं. गाडी स्टँडवर, हँडल सरळ. ते दोन्ही बाजूंना वळवून बघायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी पुढच्या चाकापुढं नारळ फोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. उजव्या हातात. तो मी डाव्या हातानं सावरला, आणि काकांनी ते बघितलं की काय, म्हणून घाईघाईनं खोबरं दातानं तोडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भात झोडायला आलं का ते बघायला काकांना रिह्याला जायचं होतं. नव्या हँडलवर पहिली फेरी त्यांनाच मारायची होती, मागं बसून का होईना. निघालो. पाठ ताठ, हात हलके, मनगटांवर काही भार नाही. दोन मैल गेलो तरी बोटं जिवंत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण कुणाला सांगणार? मी गुपचूप करंगळी उचलत होतो, टेकवत होतो. मग घोटवड्याच्या पुढं खडीचा रस्ता आला, गाडी हादरायला लागली आणि मुंग्या आल्या. त्याच, ओळखीच्या. हँडल निर्दोष होतं. म्हणजे गुन्हेगार दुसराच होता.

रिह्याकडं उतरताना एक खिंड लागते. उतारावर डावीकडं असं वळण की गाडी जवळजवळ उभी करूनच घ्यावी लागते. वळणाच्या आत डोंगर, बाहेर खाली भाताची खाचरं. खाचरं हजार फूट खाली होती, असं मी सांगतो. तीस असतील. पडणाऱ्याला त्यात फरक काय? मी वेग कमी केला, रेस पूर्ण सोडली, हँडल डावीकडं घेतलं.

आणि गाडी किंचाळली.

रेस आपोआप वाढली. मी मूठ सोडली होती, म्हणजे सोडली असं मला वाटत होतं. पण ती मूठ माझ्या बधिर हातात होती. हात मला काही सांगत नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की गेला, हात गेला, तो आता माझं ऐकत नाही, तोच रेस पिळतोय. मी हँडल आणखी डावीकडं ओढलं तसं इंजिन आणखी गर्जलं. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. मागच्या ब्रेकवर पाय दिला, डाव्या हातानं क्लच दाबला. पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तो मी दाबलाच नाही. ज्या हातावर भरवसा नाही त्याला ब्रेक कसा देणार? गाडी रस्त्याच्या कडेला, खाचरांच्या बाजूला, माती उकरत थांबली. पुढचं चाक कडेपासून वीतभर. ही वीत मी कधी वाढवून सांगत नाही.

समोर शेळ्यामेंढ्यांचा कळप होता. त्यातल्या दोन शेळ्या आमच्या बाजूला वळून चघळत उभ्या. त्यांच्या मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली धनगरीण. काका उतरले होते, कधी उतरले ते कळलं नाही. मी दोन्ही हात वर केले होते, पोलिसापुढं करतात तसे. क्लच सुटताच गाडी एक हिसका देऊन बंद पडली होती. मी पाय टेकून तसाच बसलेलो, म्हणून काकांनीच बाजूनं न्यूट्रल करून ती परत चालू केली आणि ती परत किंचाळायला लागली, कारण हँडल अजून डावीकडंच होतं. माझे हात वर, आणि गाडी ओरडतेय.

बाई गाठोडं सावरत पुढं आली. मग म्हणाली, "बाबा, तू हात काढलास तरी वरडतीयाच की ती. कुटं तरी वढ बसलीया तिला."

काकांनी हँडल सरळ केलं. गाडी शांत झाली. डावीकडं केलं, गाडी ओरडली. परत सरळ, शांत. पाच-सहा वेळा केलं. मग त्यांनी वाकून बघितलं. आम्ही हँडल इतकं उंच नेलं होतं की रेसची तार तोकडी पडली होती. सरळ असताना ती जेमतेम पुरायची, डावीकडं वळलं की ताणायची आणि रेस उघडायची. एवढंच. इतकं साधं कारण समजल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसलो, मातीतच. हात माझा होता. त्यानं काही केलं नव्हतं.

काका मात्र हसले नाहीत. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी मला आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"आरं, तार तोकडी व्हती, ते कळलं. पन तू वरडला त्ये येगळं. 'हात गेला माझा,' म्हनालास. काय झालंय हाताला?"

मी थाप मारायला तोंड उघडलं. एरवी थापा माझ्या घरी पाणी भरतात. त्या दिवशी एकही आली नाही. बोटं, मुंग्या, चहा, वडिलांचा वस्तरा, सगळं सांगितलं, शेळ्यांच्या देखत. धनगरीण ऐकत उभी होती. जाताना एवढंच म्हणाली, "न्हेऊन दावा त्याला. हितं बसून काय व्हतंय?"

काकांनी भात बघितलं नाही. गाडी त्यांनी हातानं ढकलत खिंड उतरवली, ओळखीच्या एका घरी ठेवली. सोमवारी सकाळी माझ्या खोलीचं दार त्यांनी असं ठोकलं की अठराही खोल्या जाग्या झाल्या. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये बसवून पौडला दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत त्यांनी माझा उजवा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून घेतला होता, जणू तो कुणी पळवून नेईल.

डॉक्टरांनी कोपर चाचपलं, मनगट वाकवलं, मूठ आवळायला लावली. मग एक टाचणी घेतली आणि करंगळीवर टेकवली. लागतंय का? लागतंय, मी म्हणालो. मी टाचणीकडं बघत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटले. अंधार झाला आणि त्या अंधारात मला माझा हात कुठं आहे तेच सापडेना. बाहेर एसटीचा हॉर्न. काकांचं धाप लागल्यासारखं श्वास घेणं. मी वाट बघितली. किती वेळ गेला ते कळेना आणि राहवेना, म्हणून म्हणालो, "टोचलं."

"अजून मी हातच लावला नाही," डॉक्टर म्हणाले.

आता बोलायचं नाही, असं ठरवलं. खरोखर काही येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि काही आलं नाही तर तेही ऐकून घ्यायचं. मी मनात वडिलांना बघत होतो, आरशापुढं. मग फार लांबून, कुणीतरी दुसऱ्या खोलीत काडी मोडावी तसं काहीतरी झालं. करंगळीच्या टोकाशी. मी खात्री करून घेतली. परत झालं.

"आता," डॉक्टरांनी टाचणी टोचली त्याच क्षणी मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण इतका लहान की काकांनी "काय म्हनला?" असं विचारलं.