घाणेरीची डहाळी

श्रुतिकाने ब्रेक दाबले, चप्पल मातीत घासत सायकल थांबवली आणि आधी खाली बघितलं. डहाळी नव्हती.

रस्त्याला तिथे दोन फाटे फुटत होते. एक सरळ, ताडांच्या मधून समुद्राकडे. दुसरा डावीकडे, वांगी-मुळ्याच्या वाडीच्या कडेने आत वस्तीकडे. कुठल्याही फाट्यावर पुढे गेलेल्या धोंडूने दगडाखाली डहाळी ठेवलेली असायची. आज दगड होता, मुठीएवढा, रस्त्याच्या मधोमध घरंगळल्यासारखा. त्याच्याखाली काही नाही. तिने सायकल आडवी टाकली, पाचोळा पायाने उकरला, कुंपणाच्या कडेला वाकून बघितलं. काही नाही.

"ओ मावशी, इथून म्हातारा गेला का? सायकलवर? पांढरी टोपी?"

कुंपणापाशी एक बाई शेळ्या चारत उभी होती. सोनूबाई तिचं नाव, पण ते श्रुतिकाला तेव्हा माहीत नव्हतं. बाईने आधी तिला आणि तिच्या सायकलला नीट न्याहाळलं. मग तिने काठी समुद्राच्या दिशेने केली.

"सरळ गेला, बाय."

श्रुतिका सरळ गेली.

धोंडू घाडी तिचा सासरा. बापाबरोबर मालवणातून मुंबईत आला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, गिरणी बंद पडली तसा बोरिवलीत गॅसचे सिलिंडर पोचवायला लागला. सायकलवर. दोन बाजूंना दोन भरलेले सिलिंडर लटकवून हा माणूस एक्सरच्या गल्ल्यांतून अशी सायकल काढायचा की बघणाऱ्याचा जीव वर यायचा. पोटऱ्या दगडासारख्या. सगळी चाळ त्याला घाबरायची, कारण तो कोणाला घाबरायचा नाही. बायको लवकर गेली. मुलगा एकच, देवेश. एसी दुरुस्त करायचा, हसरा पोरगा, कोणाच्याही घरी फुकटात फॅनपण खोलून द्यायचा.

देवेशला हायवेवर डंपरने उडवलं.

त्याच्याच फोनवरून कोणीतरी श्रुतिकाला फोन केला. ती पार्लरमध्ये होती, जवळच. हातातलं काम टाकून धावत सुटली, अॅम्ब्युलन्सच्या आधी पोचली. गर्दी होती, पण गर्दी लांब उभी होती, मोबाईल काढून. देवेशवर कोणीतरी वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स टाकला होता. तिने तो उचलला.

काय बघितलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. एका खोलीचं घर, मधे पडदा. रात्री ती किंचाळून उठायची आणि पडद्यापलीकडे धोंडू उठून बसायचा. लाईट लावायचा नाही. नुसतं म्हणायचा, "जागो आसंय गो मी. नीज."

तिचा भाऊ किरण विक्रोळीहून न्यायला आला. "चल ना घरी. इथे काय ठेवलंय तुझं?"

"माणूस ठेवलाय," श्रुतिका म्हणाली.

"अगं, सासरा तो. त्याची जबाबदारी तुझी आहे का?"

"किरण, चहा पी आणि सुट."

डोक्यात तिच्या एकच गोष्ट बसली होती. देवेश त्या डांबरावर एकटा पडला होता. इतकी माणसं उभी, एकाने हात धरला नाही, पाणी पाजलं नाही. ह्या म्हाताऱ्याचं तसं होऊ द्यायचं नाही. जाईल तेव्हा आपण बाजूला असायचं, त्याचा हात आपल्या हातात असायचा. बाकी जगात काय वाट लागायची ती लागू दे.

आणि म्हाताऱ्याने नेमकी सायकल काढली.

देवेशची गिअरची सायकल छताला टांगलेली होती. एका मंगळवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, धोंडूने ती उतरवली, पुसली, सीट खाली घेतलं आणि तिच्यासमोर उभी केली. स्वतःची ती जुनी सिलिंडरवाली बाहेर काढली.

"चल."

"कुठे? बाबा, मला रस्त्यावर जायचं नाही. गाडी बघितली तरी नको वाटतं."

"माका खंय जावचा हा रस्त्यार! जंय हॉर्न नाय, थंय जावया."

आणि खरंच तसंच केलं त्याने. खाडीवर गेले, सायकली बोटीत चढवल्या, पलीकडे गोराईला उतरले. उतरल्यावर सगळे रिक्षात बसून बीचला पळतात. धोंडूने दुसऱ्याच अंगाला चाक वळवलं. त्याचा नियम एकच. हॉर्न ऐकू आला की त्या बाजूला पाठ करायची. असं करत करत त्याने सगळं आतलं गोराई आणि मनोरी पालथं घातलं. मिठागरांचे बांध, जिथे दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे चाकापुरती वाट. विहिरींवर रहाट, घरांच्या पुढे पांढरे क्रूस, झेंडूच्या माळा घातलेले. मनोरीला बांबूवर वाळणारे बोंबील. भाताच्या खाचरात बगळे. पुढे पुढे उत्तनपर्यंत जायला लागले, गाडीचा रस्ता फक्त ओलांडायचा, त्याच्यावर चाक चालवायचं नाही. ओलांडताना धोंडू उतरायचा, तिच्या आणि रस्त्याच्या मधे सायकल धरून उभा राहायचा, पोलिसासारखा हात वर करून. समोर गाडी असो वा नसो.

तिला सायकलची आवड बिवड नव्हती. ती जायची ती त्याच्यामागे राहायला.

पण मागे राहणं सोपं नव्हतं. सिलिंडर ओढलेले पाय ते, बांधावर म्हातारा सुटला की दिसेनासाच व्हायचा. ती ओरडायची, "ओ बाबा! थांबा ना! कुठे लग्न लागतंय का तुमचं?"

"मागसून ये सावकाश! मी खूण ठेवतंय!"

खूण म्हणजे डहाळी. त्याच्या गावाला रानातून जाताना पुढचा माणूस जी वाट धरेल तिच्या तोंडाशी पाल्याची डहाळी ठेवायचा, वर दगड. मागच्याला बरोबर कळायचं. पहिल्यांदा त्याने आंब्याची ठेवली आणि शेळीने खाल्ली. श्रुतिका भलत्या वाटेने कोणाच्या तरी गोठ्यात जाऊन थांबली. परत भेटली तेव्हा डोकं सटकलेलं.

"हीच तुमची खूण? बकरी खाऊन ढेकर देतेय तिकडे!"

धोंडू इतका हसला की उतरून बसला. किती महिन्यांनी हसला होता. "चुकलंय गो. आता घाणेरी ठेवतंय. तिका बकरी तोंड लावूची नाय."

त्यानंतर घाणेरीच. काटेरी, उग्र वासाची, लाल-पिवळी फुलं. कुठल्याही कुंपणाला मिळते. फाट्यावर ती रंगीत फुलं दिसली की श्रुतिका पायडल सावकाश मारायला लागायची. म्हातारा आहे. पुढे आहे. ठीक आहे. मग कुठेतरी आंब्याच्या झाडाखाली तो डबा उघडून बसलेला असायचा, घावणे आणि लसणीची चटणी, तिचा वाटा झाकून ठेवलेला.

"दमलंस?"

"नाही. तुम्ही?"

"माका काय धाड भरली?"

धाड भरली होती. जिना चढताना हल्ली तो मधे थांबायचा. श्रुतिका म्हणायची डॉक्टरकडे चला, तो म्हणायचा डॉक्टर सायकल चालवता काय? एकदा तिने सरळच विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठे काही झालं तर? मी मागे असते हां. लक्षात ठेवा. मी येईपर्यंत हलायचं नाही."

तो घावण्याचा तुकडा चटणीत फिरवत बसला.

तर डहाळी न दिसलेल्या त्या मंगळवारी ती सरळ गेली, समुद्राकडे. ताड संपले, वाळू लागली, चाक रुतलं. कुठेही पांढरी टोपी नाही. दोन कुत्री आणि उलटी घातलेली एक होडी. तिने हाका मारल्या. वाऱ्याने त्या तिच्याच तोंडात परत टाकल्या. मग तिला कळलं की काहीतरी बिघडलंय. ती सायकल वाळूतून ओढत, मग मारत, फाट्यावर आली आणि डावीकडे वळली.

वस्तीत एका ओट्यावर माणसं जमली होती. धोंडूची सायकल भिंतीला नीट टेकवून ठेवलेली, हँडलला टोपी अडकवलेली. खाटेवर त्याला झोपवलं होतं. कोणा बाईने तोंड पुसून केस विंचरले होते, अंगावर धुतलेली चादर, छातीवर हात जोडून ठेवलेले. म्हातारा दुपारचा डुलका काढतोय असं वाटत होतं.

घरवाला सांगत होता, "आला, पाणी मागितलं, बसला. आम्ही रिक्षाला माणूस पाठवला, पण तोवर... शेवटपर्यंत माझ्या आईने हात धरला होता त्यांचा, ताई. घाबरले नाहीत काही."

हात धरला होता. कोणाच्या तरी आईने. श्रुतिका त्या खाटेशी बसली आणि तो हात धरला. कोमट होता अजून. ती रडली नाही. उठली, फाट्यावर गेली, आणि त्या शेळीवालीवर तुटून पडली.

"सरळ गेला म्हणालीस ना? सरळ? डोळे फुटले होते तुझे? तुझ्या ह्या मेल्या शेळ्यांनी डहाळी खाल्ली आणि तू खोटं बोललीस! तुझ्यामुळे मेला तो माझ्याशिवाय! तुझ्यामुळे!"

आणखी बरंच बोलली. लिहिण्यासारखं नाही. माणसं गोळा झाली, कोणीतरी तिला ओढलं. सोनूबाई काठीला धरून मान खाली घालून उभी राहिली. एक शब्द उलटून बोलली नाही.

अस्थी त्याच खाडीत सोडल्या. किरणने परत विचारलं, ती परत नाही म्हणाली. आता घरात ठेवलेला माणूस नव्हता, तरी नाही म्हणाली. दोन्ही सायकली छताला. रात्री उठून बसली की पडद्यापलीकडून आवाज यायचा नाही. तिला एकच दिसायचं, तो फाटा आणि रिकामा दगड. डावीकडे वळले असते तर. त्या बाईचं ऐकलं नसतं तर.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या पुढच्या मंगळवारी तिने धोंडूची सायकल उतरवली. खाडी ओलांडली. फाट्यावर येऊन कुंपणाची घाणेरी तोडली, हाताला काटे लागले, आणि डाव्या वाटेच्या तोंडाशी ठेवली, वर दगड. त्याला आता कोण काय खूण दाखवणार, पण ठेवली. कडेला बसून राहिली.

शेळ्या आल्या. एकीने डहाळीला नाक लावलं, फुरफुरली, पुढे गेली. दुसरीने तेवढंही केलं नाही. सगळा कळप त्या फुलांवरून निघून गेला आणि डहाळी होती तशी राहिली.

श्रुतिका उठून उभी राहिली. शेळ्यांच्या मागून सोनूबाई येत होती. तिला बघून थबकली.

"मावशी," श्रुतिका म्हणाली, "तुझ्या शेळ्या घाणेरी खात नाहीत."

"नाही खात, बाय."

"मग त्या दिवशीची कोणी उचलली?"

सोनूबाई कुंपणाशी बसली. काठी आडवी ठेवली.

"त्यानेच. ठेवली होती त्याने, ह्याच बाजूला. मग छाती धरून खाली बसला, घाम नुसता. मी म्हटलं, ओरडून कोणाला बोलावते. नको म्हणाला. उठला, डहाळी काढली न् कुंपणापलीकडे फेकली. म्हणाला, मागून माझी सून येते, तिला सरळ पाठव. एकदा रस्त्यावर बघितलंय तिने, परत नको. मला पुसून झाकून ठेवतील, मग बघू दे." तिने पदराने तोंड पुसलं. "न् म्हणाला, ती तोंडाची तिखट आहे. परत येऊन तुला शिव्या देईल. ऐकून घे. म्हणून घेतलं, बाय."