गिटारीचं दावं

बेंबळीच्या धुरपदाबाईला कुणी विचारलं, की बाई, तुझं या जगात कुणाशी वाकडं आहे, तर ती जावेचं नाव घ्यायची नाही की शेजारणीचं. सरळ भिंतीवरच्या खुंटीकडं बोट दाखवायची. तिथं तिच्या नवऱ्याची, बलभीमची, बेस गिटार लटकलेली असायची. चार जाड तारांची, विटकरी रंगाची, विजेवर वाजणारी. बलभीमनं ती लग्नाच्या आधी सोलापूरच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतली होती. म्हणजे घरात धुरपदेच्या आधी आलेली. दुखणं तेच होतं.

बलभीम तसा शेतकरी, पण यात्रांचा हंगाम आला की ऑर्केस्ट्रात वाजवायला जायचा. पार ईट गावापर्यंत. तो बाहेर राहिल्याचं धुरपदेला काही वाटायचं नाही. वाटायचं ते परत आल्यावर. हा गडी चहाच्या आधी गिटार पुसायला बसायचा, मऊ फडकं घेऊन, एकेका तारेखालून. आपल्या कपाळावरचा घाम या माणसानं कधी पुसला का, असं तिच्या मनात यायचं आणि तव्यावरची भाकरी करपायची. नवी नवरी असताना तिनं हौसेनं एक तार छेडली होती. "हात लावू नको, सूर उतरतोय," असं तो म्हणाला होता. ते वाक्य तिनं आजवर मनात धरून ठेवलेलं. गिटारीचा जुना पट्टा तुटला तेव्हा मात्र नवा शिवायला तीच लागली. तिनं आपल्या शिलाई मशीनवर निळ्या खणाचा पट्टा शिवून दिला, आत गोधडीची चिंधी भरून, म्हणजे त्याच्या खांद्याला वळ उठू नये. शिवताना तिनं गिटारीला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढं डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. गिटार खुंटीवर राहिली, पण पुसणं काही थांबलं नाही. मग यंदा अवकाळी पाऊस झाला, घरावरचा पत्रा उडाला, आणि बलभीमनं काय करावं? पहिली गिटार उचलली, पोटाशी धरली आणि पळत भावाच्या घरात नेऊन ठेवली. ज्या मशीनवर धुरपदा गावाचे ब्लाऊज शिवायची, ते मशीन तिथंच भिजत राहिलं.

"आता हिला ठेवा, न्हायतर मला," ती म्हणाली. ओरडली असती तर बलभीमनं कानाआड केलं असतं. ती हळू म्हणाली, म्हणून तो घाबरला.

गिऱ्हाईक तुळजापूरचं निघालं. वसंतराव मास्तर आपल्या लेकीला, भैरवीला घेऊन आले. पोरगी कॉलेजात शिकत होती, वाजवायचा नाद होता. इतकी जुनी, अस्सल वस्तू बघून ती हरखून गेली. असा आवाज नव्या गिटारीतून निघत नाही, असं तिनं सांगितलं मात्र, बलभीमची कळी खुलली. वर्षभरात बायकोशी बोलला नसेल एवढं तो त्या पोरीशी बोलला. गिटार तिच्या मांडीवर दिली. कुठली तार पावसाळ्यात कुरकुरते, कुठं बोट दाबायचं, सगळं सांगितलं. एकदा तर तिचं बोट धरून तारेवर नीट ठेवलं. "असं न्हाय पोरी, असं."

धुरपदा चहा गाळता गाळता बघत होती. सवत घराबाहेर निघाली, तिला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. लग्न होऊन आपले केस पांढरे झाले, आपल्याला हात लावू दिला नाही, आणि ही काल आलेली पोरगी?

भैरवीनं उभं राहून पट्टा खांद्यावर घेतला. तो निळा खण त्या कोवळ्या खांद्यावर बघितला आणि धुरपदेला राहवेना. ती पुढं झाली, पट्टा सोडवला.

"गिटार ने बाई. पट्टा न्हाय मिळायचा."

वसंतराव गोंधळले. तेव्हा ती म्हणाली, "जनावर इकलं तरी दावं देत नसतेत. घरची बरकत जाती." मास्तरांनी मान डोलावली. पट्टा सोलापुरात नवा मिळेल म्हणाले आणि गाडी गेली. धुरपदेनं पट्टा रिकाम्या खुंटीवर अडकवला.

आता बलभीम तोंड पाडून बसणार, असं तिला वाटलं होतं. तो खुंटीवरच्या पट्ट्याकडं बघून चक्क हसायला लागला.

"दावं कामून ठेवतेत, ठावं हाय न्हवं तुला? दावण रिकामी ऱ्हाऊ नये म्हणून. दावं ठेवलं की दुसरं जनावर आणावंच लागतंय."

खरंच होतं की. धुरपदेच्या बापानं बैल विकला की दावं घरी यायचं, आणि मागोमाग त्याच दाव्याला नवा बैल. काढलेली बला तिनं स्वतःच्या हातानं परत बोलावली होती. तिनं पट्टा खुंटीवरून काढला, आपण घातलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"आणा," ती म्हणाली. "पर पहिला हात मी लावणार. सूर उतरला तर उतरू द्या. आन् शिकवायची मला. त्या पोरीला शिकवली तशी, बोट धरून."

बलभीमचं हसू थांबलं. "व्हय," तो म्हणाला.