काचेवरची टकटक

आर्नल्ड हॉवर्थ म्हणजे मुलखाचा हेकट माणूस. डबल बेल झाल्याशिवाय गाडीचं चाक हलवायचं नाही, हे तो बाविसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या बेकपच्या बसडेपोत शिकला आणि ब्याऐंशीव्या वर्षीही तेच धरून बसला होता. आता बेकपला वर्षातून एकदा जुन्या बसगाड्यांचा मेळा भरतो. गाड्या हौसेनं जपलेल्या, चालवणारेही त्यांच्याच वयाचे. तिथे कोण नियम बघायला येतंय? पण एका वर्षी घंटेची दोरी तुटली, तर ती बांधून होईपर्यंत हा बाबा गाडी सुरू ठेवून वीस मिनिटं ढिम्म बसून राहिला.

त्या गाड्यांत ड्रायव्हरची कॅब पुढे, वेगळी. कंडक्टरशी बोलायची सोयच नाही. मध्ये फक्त एक काच, आणि आत छताला लावलेली घंटेची दोरी.

मेव्हिस त्याची कंडक्टर, पुढे बायको. जिभेला हाड नसलेली बाई. रोज पहिल्या खेपेला ती आतून चालत पुढे यायची, दोरी दोनदा ओढायची आणि मग त्याच्या पाठीमागच्या काचेवर एकदाच टकटक करायची. लग्नाआधी हातातल्या पेनीच्या नाण्यानं, लग्नानंतर बोटातल्या अंगठीनं. ही टकटक काही नियमात नव्हती. दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला तिनं ती कधी दिली नाही. पुढे डेपो बंद झाला तेव्हा दोघांनी आपली लाल लेलँड बस भंगारातून सोडवून आणली, अकरा वर्षं खपून उभी केली, आणि मग दर मेळ्यात तेच: डबल बेल, मग टकटक.

यंदाचा मेळा शेवटचा. डोळ्यांपायी डॉक्टरांनी आर्नल्डचं गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं. सोमवारी गाडी संग्रहालयात जाणार होती. आणि मेव्हिस दोन वर्षं वृद्धाश्रमात, कुणालाच न ओळखणारी.

"एकदा ती टकटक ऐकली ना, की गाडी हसत देऊन टाकीन," आर्नल्ड मुलीला म्हणाला होता.

"बाबा, फार आशा धरू नका," जिल म्हणाली.

"डोकं विसरतं गं. हात विसरत नाहीत."

आणि खरंच, जिलनं आईला गाडीत चढवून गळ्यात तिकिटाचं यंत्र अडकवलं मात्र, मेव्हिसच्या अंगात वीज भरली. "पुढे सरका! दारात काय वरात काढलीय? आणि तुम्ही हो, चिप्सवाले! व्हिनेगर सीटवर सांडलं तर तुमच्याच टोपीनं पुसून घेईन!"

अख्खी गाडी हसली. कॅबमध्ये आर्नल्डला हुंदका आवरेना.

मेव्हिस पुढे आली. दोरीला हात घातला, काचेतून कॅबमध्ये पाहिलं आणि दोरी सोडून दिली. तरातरा खाली उतरून ती कॅबपाशी येऊन उभी राहिली.

"कोण हो तुम्ही?"

"मेव्हिस, अगं मी..."

"आजोबा, गपचूप खाली उतरा. ही आर्नल्डची गाडी आहे. परक्या माणसाला मी घंटा देणार नाही."

जिल मागून धावत आली. "आई, अगं हेच तर बाबा..."

"तू कोण गं मध्ये तोंड घालणारी?"

जिलचा चेहरा पडला. आर्नल्डनं तिला हातानंच थांबवलं. जिलनं दोरी ओढली असती तर गाडी निघाली असती. पण मेव्हिस इथेच, रस्त्यात भांडत राहिली असती. तो कसाबसा खाली उतरला. टोपी काढली.

"आर्नल्डला ताप आलाय, बाई. मी बदली ड्रायव्हर."

"ताप? आणि मला कुणी सांगितलंही नाही!" मेव्हिसचा आवाज एकदम कापरा झाला. "त्याला म्हणावं, मफलर गुंडाळ. शंभरदा सांगितलंय मी. ऐकेल तर शपथ!"

"सांगतो."

"आणि गाडी जपून चालवा."

तो पुन्हा कॅबमध्ये चढला. मागून टिंग टिंग झालं. स्वच्छ, ठणठणीत डबल बेल. आर्नल्ड क्लचवर पाय ठेवून थांबला. आपणच आपल्याला बदली ड्रायव्हर करून बसलो, हे त्याला कळत होतं, तरी तो थांबला. त्यानं मान वळवून पाहिलं. मेव्हिसचा हात काचेपर्यंत आला. बोटात अंगठी होती. तिनं बाहीनं काचेवरचा डाग पुसला आणि ती "तिकिटं, तिकिटं!" करत मागे निघून गेली.

डबल बेल झाली होती. त्यानं गाडी सोडली. रॉटनस्टॉल गावापर्यंतच्या त्या रस्त्यावर तो रडत होता, आणि मागे गाडीभर माणसं तिच्या बोलण्यावर हसत होती.

शेवटच्या थांब्यावर मेव्हिस खाली उतरली आणि कॅबपाशी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा, हात बरा आहे हो तुमचा. अगदी त्याच्यासारखी चालवता. पण मी असं म्हणाले हे त्याला सांगू नका. त्याला वाईट वाटेल."

"नाही सांगत," आर्नल्ड म्हणाला.